गार वाऱ्यातले ऊन

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तारकर्लीच्या किंवा दिवेआगरच्या किनाऱ्यावर सकाळी दहाला पाण्यात उतरलेली मंडळी जेवणाची हाक आल्याशिवाय बाहेर येत नाहीत. हवाच तशी असते. वारा गार, पाणी त्याहून गार, घाम नाही, डोकेदुखी नाही. मे महिन्यात याच वाळूवर पाय ठेववत नाही, त्या मानाने हे ऊन म्हणजे लाडच. रात्री अंघोळीचे गरम पाणी मानेवर आणि खांद्यांवर पडते, तेव्हा काहीतरी बिघडल्याचे कळते. दुसऱ्या दिवशी शर्टाची कॉलर टोचते, चार दिवसांनी मुलांच्या नाकाची साले निघतात आणि घरी परतल्यावर ‘किती काळे होऊन आलात’ हे प्रत्येकाकडून ऐकावे लागते. इतके सुखाचे ऊन बाधले कसे, याचे कोडे मात्र उलगडत नाही.

त्याचे उत्तर उन्हातच आहे. ऊन म्हणजे एकच एक गोष्ट नव्हे, हे सव्वादोनशे वर्षांपूर्वी लक्षात आले होते. १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून निघालेल्या सात रंगांच्या पट्ट्यात तापमापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाकडे पारा चढत गेला आणि तांबड्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे तो सर्वांत वर गेला. पुढच्याच वर्षी जर्मनीत योहान रिटर याने पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, जांभळ्याच्या पलीकडच्या अंधारात, सिल्व्हर क्लोराइड ठेवले. इतर कुठल्याही रंगापेक्षा ते तिथे लवकर काळे पडले. ऊब देणारे अवरक्त किरण एका टोकाला आणि रासायनिक काम करणारे अतिनील किरण दुसऱ्या टोकाला, अशी ही वाटणी आहे. उष्णता ओळखणारे चेतातंतू त्वचेत आहेत. अतिनील किरण ओळखणारे नाहीत. समुद्रावरचा वारा अंगाची ऊब काढून घेतो, अतिनील किरणांवर त्याचा काही परिणाम होत नाही. कडाक्याच्या उन्हात माणूस आपोआप सावली शोधतो. गार उन्हात तो बसून राहतो आणि बाधतो.

अतिनील किरणांचे दोन प्रकार जमिनीपर्यंत पोहोचतात. तिसरा, सर्वांत घातक प्रकार ओझोनचा थर वरच्या वर अडवतो. पोहोचणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के यूव्हीए असतात. ते त्वचेत खोलवर जातात, रंग काळवंडवतात आणि वर्षानुवर्षांच्या माऱ्याने त्वचेला ताण देणारे कोलॅजनचे धागे खिळखिळे करतात. उन्हाने येणाऱ्या सुरकुत्या त्यातल्याच. उरलेले यूव्हीबी प्रमाणाने थोडे, पण तिखट. त्वचा भाजते ती मुख्यतः त्यांच्यामुळे. पेशीतल्या डीएनएची थेट मोडतोडही तेच अधिक करतात. यात आणखी एक अडचण अशी, की भाजल्याची आग लगेच होत नाही. ती तीन-चार तासांनी सुरू होते आणि १२ ते २४ तासांत कळसाला पोहोचते. गोऱ्या कातडीवर लाली तरी दिसते. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर ती लपून जाते आणि जाणवतो तो नुसता कढतपणा. दोन-तीन दिवसांनी रंग गडद होतो. मेलॅनिनचे कण पेशीच्या केंद्रकावर नेमके वरच्या बाजूला, छत्री धरल्यासारखे गोळा होतात आणि आतल्या डीएनएवर सावली धरतात. ज्याला आपण ‘काळे होणे’ म्हणतो, ती मार बसल्यानंतर उघडलेली छत्री असते.

अतिनील किरणांचा जोर ठरतो सूर्याच्या कोनावर. सूर्य जितका माथ्यावर, तितका किरणांचा हवेतला प्रवास कमी आणि ओझोनला ते शोषून घ्यायला वाव कमी. हा कोन मोजायला उपकरण लागत नाही, स्वतःची सावली पुरते. सावली उंचीपेक्षा लांब असेल तर मारा सौम्य. उंचीपेक्षा आखूड असेल तर अंग झाकायची वेळ झाली, असे समजावे.

या हिशेबाने त्या गार दुपारकडे पाहिले की कोडे सुटते. मालवणच्या किनाऱ्यावर डिसेंबरअखेरही साधारण अकरा ते दोन या वेळात सावली माणसापेक्षा आखूड असते. लंडनमध्ये त्याच दिवसांत भर दुपारची सावली माणसाच्या साडेतीनपटीहून लांब पडते. हिवाळ्यातल्या उन्हाला भ्यायचे कारण नाही, हा सल्ला तिथे ठीक आहे. तो जसाच्या तसा इथे आणला की फसगत होते. मे महिन्यात मुंबई-पुण्यात आखूड सावलीचा काळ साडेनऊपासून साडेतीनपर्यंत पसरतो आणि महिन्याच्या मध्यात एके दिवशी साडेबाराच्या सुमारास सावली थेट पायाखाली जाते. हा शून्य सावलीचा दिवस पाहायला हौशी मंडळी गच्चीवर बाटल्या आणि काठ्या उभ्या करतात. जुलैच्या अखेरीस तो पुन्हा येतो, हे फारसे कोणाच्या लक्षात राहत नाही, कारण तेव्हा आकाश भरलेले असते. पण ढग पातळ असतील तर ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण त्यातून खाली उतरतात. पावसाळी सहलीला गडावर जाऊन आलेल्यांची मान काळवंडते ती यामुळे.

ज्यांना सावली मोजत बसायचे नाही त्यांच्यासाठी मोबाइलवरच्या हवामानाच्या पानावर ‘यूव्ही इंडेक्स’ नावाचा आकडा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत तो ३ झाला की काळजी घ्यायला सुरुवात करावी, ८ च्या पुढे दुपारचे उन्हात जाणे शक्यतो टाळावे आणि ११ पासून पुढे तो अतितीव्र. महाराष्ट्रात उन्हाळ्यातल्या निरभ्र दुपारी तो ११ ओलांडतो, यात नवल नाही. डिसेंबरातही स्वच्छ आकाश असेल तर तो भर दुपारी ६-७ च्या घरात असतो, हे मात्र अनेकांना नवे वाटेल. उंचीनेही फरक पडतो: दर हजार मीटरला साधारण १० टक्क्यांची वाढ. महाबळेश्वरला स्वेटर घालून स्ट्रॉबेरी खाताना हे आठवणे कठीणच. आणि मे महिन्यात मनालीहून रोहतांगला जाणाऱ्या पर्यटकांना तर उंची आणि बर्फ अशी दुहेरी कैची लागते, कारण ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो. तिथे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही ऊन लागते. तुलनेने कोरडी वाळू फेकते ती सुमारे १५ टक्के.

हे सगळे वाचून खिडक्यांना जाड पडदे लावावेसे वाटले, तर ते मात्र दुसरे टोक होईल. भारतात इतके ऊन असूनही ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करतात ते यूव्हीबी, म्हणजे भाजणारेच किरण. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व मिळते, हा समज घरोघरी आहे. पण त्या वेळी सूर्य इतका तिरपा असतो, की यूव्हीबी जवळजवळ पोहोचतच नाहीत. कोवळ्या उन्हात अवश्य बसावे. सांधे शेकतात, मन प्रसन्न होते, झोपेचे घड्याळ जागेवर येते. ड जीवनसत्त्वाचे काम मात्र त्याच्याकडून होत नाही. त्यासाठी आखूड सावलीचेच ऊन लागते, आणि सावळ्या त्वचेला ते गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागते, कारण मेलॅनिन मध्ये येते. पुण्यातील मध्यमवयीन पुरुषांच्या एका अभ्यासात, रक्तातली किमान पातळी राखायला दुपारच्या उन्हात रोज तासाभराहून अधिक वावर लागतो, असे दिसले.

म्हणजे जे हवे आणि जे नको, ते एकाच वेळी एकाच किरणांतून येते. यातून पळवाट नाही, पण वाटणी करता येते. दोन्ही हात मिळून शरीराच्या त्वचेचा १८ टक्के भाग होतात, दोन्ही पाय ३६ टक्के; डोके आणि मान मिळून अवघे ९. ऊन खायचे काम हातापायांना द्यावे आणि चेहरा-मान झाकून घ्यावी, हा व्यवहार दोन्ही बाजूंनी परवडतो. बाल्कनीत कपडे वाळत घालताना, दुपारी जवळच्या दुकानात चालत जाताना बाह्या वर सारल्या तरी थोडेफार काम होते. सनस्क्रीन लावले की ड जीवनसत्त्व बंद, ही भीतीही अनाठायी ठरली आहे. ऑस्ट्रेलियात एका गटाला सनस्क्रीन आणि दुसऱ्याला नुसते साधे क्रीम देऊन तुलना झाली, तेव्हा उन्हाळ्याअखेर दोन्ही गटांत ड जीवनसत्त्व जवळपास सारखेच वाढले होते. ज्यांचा दिवस ऑफिसात जातो किंवा अंग पूर्ण झाकलेले असते त्यांनी रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी. शेजारणीला लागू पडली म्हणून साठ हजार युनिटची पुडी महिनोन्‌महिने घेत राहणे धोक्याचे आहे. जादा ड जीवनसत्त्वाने रक्तातले कॅल्शियम वाढते आणि मूत्रपिंडाला त्रास होतो.

उन्हापासून त्वचा सांभाळण्याचा बहुतेक सल्ला गोऱ्या लोकांच्या देशांत तयार झालेला आहे, आणि तो त्वचेच्या कर्करोगाच्या भीतीतून आला आहे. भारतीयांत हा कर्करोग त्या मानाने विरळ. अल्बिनिझम असणाऱ्यांची गोष्ट वेगळी. मेलॅनिनच नसल्याने त्यांना लहानपणापासून कडक संरक्षण लागते. बाकीच्यांसाठी आपल्याकडचा मोठा त्रास आहे तो वांगाचा. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर पसरणारे हे तपकिरी डाग बाळंतपणाच्या काळात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांच्या वेळी उमटतात आणि ऊन त्यांना खतपाणी घालते. यात आणखी एक गुंतागुंत आहे. सावळ्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा प्रकाशही, विशेषतः त्यातला निळा-जांभळा भाग, डाग गडद करतो. नेहमीचे सनस्क्रीन तो अडवत नाही. आयर्न ऑक्साइड मिसळलेले, किंचित मातकट रंगाचे सनस्क्रीन अडवते. वांग असणाऱ्यांनी दुकानात ‘टिंटेड’ मागावे ते यासाठी, गोरे दिसण्यासाठी नव्हे.

गोरेपणाच्या हव्यासाने झालेले नुकसान उन्हाच्या नुकसानीपेक्षा कमी नाही. वांगावर मैत्रिणीने सांगितलेली ट्यूब आणायची, आठ दिवसांत फरक दिसला म्हणून वर्षभर लावायची, आणि मग चेहरा लाल, पातळ, केसाळ झाल्यावर त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचे, हा क्रम दवाखान्यांना पाठ झाला आहे. अशा मलमांत बहुधा स्टेरॉइड असते. त्याने पातळ झालेली त्वचा उन्हाला आणखी हळवी होते.

लिंबाचेही तेच. ‘टॅन’ घालवायला लिंबाची फोड चोळून उन्हात वाळवण्याचा उपाय अजून सांगितला जातो. लिंबाच्या रसात आणि सालीत असलेली काही द्रव्ये यूव्हीएच्या संगतीने त्वचा जाळतात. फोड येतात आणि महिनोन्‌महिने जाणार नाहीत असे काळे ओघळ उरतात. कोडावर बावची लावून उन्हात बसवण्याचा जुना उपचार याच गुणावर उभा आहे. बावचीतले सोरालेन आणि लिंबातली ही द्रव्ये एकाच कुळातली. वैद्याने मात्रा ठरवून केलेला उपचार आणि स्वयंपाकघरात केलेला प्रयोग यांत फरक आहे.

काहींना ऊन लागताच खाज सुटते. हाताच्या बाहेरच्या बाजूला आणि मानेवर बारीक पुरळ येते, उन्हाळ्याच्या सुरुवातीला जास्त. याला लोक ‘उष्णता झाली’ म्हणतात आणि सब्जा पितात. सब्जाने काही बिघडत नाही, पण हे पुरळ प्रकाशामुळे येते आणि त्याला औषध आहे. शेतकऱ्यांच्या बाबतीत आणखी एक आरोपी असतो: गाजर गवत. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण पुढे देशभर पसरले. त्याचे वाळलेले कण हवेतून उडून पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या लवणीत बसतात आणि त्वचा जाड, काळी, खाजरी होते. काही जणांत पुढे ऊनच सोसेनासे होते. औषधांचेही असे आहे. मुरुमांसाठी आणि लेप्टोच्या प्रतिबंधासाठी दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन, रक्तदाबावरचे हायड्रोक्लोरोथायझाइड यांनी त्वचा उन्हाला हळवी होऊ शकते. औषध परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे आणि तोवर पूर्ण बाह्या घालाव्यात.

कपडे हा सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा उपाय आहे, तरी जाहिराती क्रीमच्याच असतात. कापडाची परीक्षा सोपी आहे: उजेडासमोर धरावे. जितका उजेड आरपार येईल तितके ऊनही येईल. पातळ पांढरे मलमल हवेशीर, पण छत्री म्हणून कच्चे. पांढरे सुती कापड ओले झाले की आणखी कच्चे. समुद्रात उतरताना मुलांना साधा बनियन घालण्यापेक्षा घट्ट विणीचा, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट बरा. पुण्यात दुचाकीवरून जाणाऱ्या मुलींच्या तोंडाला गुंडाळलेल्या स्कार्फची पुष्कळ थट्टा झाली, पण त्वचेच्या दृष्टीने तो अगदी शहाणपणाचा पोशाख आहे. पुरुषांच्या डोक्यावरची क्रिकेटची टोपी कपाळ वाचवते, कान आणि मान उघडी टाकते. गोल कडेची टोपी दिसायला साधी, कामाला चांगली. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनातली सावली जाळीदार असते आणि आकाशातून विखुरलेले किरण तिथेही पोहोचतात. वडाखाली किंवा चिंचेखाली बसणे कधीही श्रेयस्कर. गॉगल घ्यायचा तर अतिनील किरण अडवणाराच घ्यावा. नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि किरण उलट जास्त आत जातात.

कपड्यांनी न झाकलेल्या भागासाठी सनस्क्रीन. त्यावरचा एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा असतो. ३० एसपीएफ सुमारे ९७ टक्के किरण अडवते, ५० एसपीएफ सुमारे ९८ टक्के. त्या एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यापेक्षा यूव्हीएसाठी असलेली जपानी पद्धतीची ‘पीए’ खूण पाहावी. तिच्यापुढे जितके अधिकचे चिन्ह जास्त तितके चांगले. पण खरी गोम प्रमाणात आहे. प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून हा आकडा काढतात. घरी लोक त्याच्या निम्मे किंवा पावपटच लावतात आणि संरक्षणही तसेच घसरते. तर्जनी आणि मधले बोट यांवर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा काढाव्यात, तेवढे चेहऱ्याला आणि मानेला लागते. या हिशेबाने ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावली तरी दीड महिन्याच्या आत संपायला हवी. कपाटातली ट्यूब गेल्या दिवाळीपासून चालत असेल, तर ती उन्हाला नुसती दाखवली जात होती. बाहेर पडण्याआधी वीस मिनिटे लावावे, उन्हात असताना दर दोन तासांनी आणि पोहून किंवा घामेजून झाल्यावर पुन्हा. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन लावू नये. त्याला सावली आणि झबले पुरे. खोबरेल तेल त्वचा मऊ ठेवते, ऊन अडवण्यासाठी त्याच्यावर विसंबू नये.

घरात किंवा गाडीत असल्याने आपण सुटलो, हेही अर्धेच खरे. खिडकीची साधी काच यूव्हीबी अडवते, पण यूव्हीएचा बराच भाग आत सोडते. २०१२ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेले छायाचित्र जगभर गाजले. २८ वर्षे मालवाहू गाडी चालवलेल्या ६९ वर्षांच्या माणसाचा तो चेहरा होता: उजवी बाजू वयाला साजेशी आणि खिडकीकडची डावी बाजू जाड, खोल सुरकुत्यांनी नांगरल्यासारखी. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. एसटीच्या आणि टॅक्सीच्या चालकांचे उजवे कोपर आणि उजवा गाल पाहिले तर तोच हिशेब तिथे लिहिलेला आढळतो.

ऊन टाळण्याची वेळ ज्यांना निवडता येत नाही, त्यांनी आपले उपाय केव्हाच शोधले आहेत. ऊसतोडीला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या बायका साडीवर पुरुषाचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, डोक्यावरून टॉवेल मानेपर्यंत घेतात. सैल, घट्ट विणीचा, मनगटापर्यंतचा हा शर्ट बाजारातल्या कुठल्याही क्रीमच्या तोडीचा आहे. वेळ निवडता येते ती शाळांना. बहुतेक शाळांचे क्रीडादिन हवा छान म्हणून डिसेंबर-जानेवारीत ठेवले जातात. मुंबईत तेव्हा सकाळी साडेनऊला मैदानावरच्या मुलाची सावली त्याच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट असते. साडेबाराला, उशिरा आलेल्या पाहुण्यांचे भाषण संपून बक्षिसे सुरू होतात, तेव्हा रांगेत उघड्या डोक्याने उभ्या असलेल्या त्याच मुलाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड झालेली असते.